लगबगे बाईंची मूळ प्रत

थोरली घरातून एका दमात बाहेर पडली असं कधी झालं नाही. ती निघायची, मग पिशवीसाठी परत यायची, मग चष्म्यासाठी, आणि जिन्याच्या तळाशी पोचली की फोन वाजायचा आणि ती म्हणायची, "आलेच हं!" हे ती सगळ्यांनाच म्हणायची. दवाखान्यातल्या नर्सला, न्यायालयातल्या कारकुनाला, आतून कडी लावून रुसून बसलेल्या एखाद्या आजोबांना. एकाच वेळी इतक्या जणांना 'आलेच' म्हणून ठेवल्यामुळे ती वेळेवर कुठेच पोचत नसे. पोचत मात्र सगळीकडे असे. घामाघूम, केस विस्कटलेले, पिशवीतून छत्रीचा दांडा बाहेर डोकावतोय अशी.

कोणी तिला समाजसेविका म्हटलं की ती म्हणे, "सेवा कसली, नोकरी आहे. पगार घेते." काम होतं दुसऱ्यांच्या घरात जायचं. जिथे कोणी वारलं आहे, कोणी सोडून गेलं आहे, जिथे पिणारा बाप आहे किंवा बोलेनाशी झालेली आई, अशा घरांत जायचं, मुलांचं खाणंपिणं, शाळा नीट चाललंय का बघायचं, आणि जमेल तिथवर घर मोडू द्यायचं नाही. दुसऱ्यांची घडी बसवण्यात तिचा दिवस जाई. तिचं स्वतःचं कपाट उघडलं की कपडे अंगावर येत.

लग्न तिनं केलं नाही. "राहून गेलं," असं ती सांगे, छत्री बसमध्ये राहून गेल्यासारखं. आई आणि ती दोघीच राहत. धाकटी बहीण लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि रेडिओ केंद्रावर कार्यक्रम लिहीत होती. एके दिवशी तिनं फोनवर विचारलं, "ताई, तुझ्यावर एक मालिका लिहू का? विनोदी. तुझं नाव येणार नाही." थोरलीच्या दुसऱ्या कानाला ऑफिसचा फोन होता. "हो हो, लिही," ती म्हणाली. "आलेच हं."

मालिकेचं नाव पडलं 'आलेच हं!'

मालिकेतल्या समाजसेविकेला सगळे लगबगे बाई म्हणत. दर बुधवारी संध्याकाळी त्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून एखाद्या मंत्र्यासमोर उभ्या राहत, डबा बसमध्ये आणि बसचा पास डब्यात विसरत, चुकीच्या घरात शिरून तिथलंही भांडण मिटवून येत. हे सगळं थोरलीचंच होतं. चपला तिच्या, डबा तिचा. धाकटीनं वचन दिलं होतं की फक्त तुझे घोळ घेईन, तू जिथे जातेस त्या घरांतलं काही घेणार नाही, आणि ते ती पाळत होती. थोरलीला सुरुवातीला गंमत वाटली. नंतर एका बुधवारी ती उशिरा घरी आली.

"ही वेळ झाली यायची?" आई म्हणाली. "जेवण गार होऊन गेलं. मी काय रोज दाराकडे डोळे लावून बसायचं?" आणि लगेच रेडिओचा आवाज वाढवून, "थांब, बोलू नकोस. आज बिचारीला फार उशीर झालाय."

"कोणाला?"

"अगं, लगबगे बाईंना!"

लगबगे बाई अंधारात चाचपडत घरात शिरल्या आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईनं चोर समजून त्यांना झाडूनं बडवलं. इकडे आई डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. थोरली गार जेवण ताटात वाढून घेत तिच्याकडे बघत राहिली. ही बाई आपल्यासाठी अशी कधी हसली होती, ते तिला आठवेना.

तेव्हा तिला कळलं की हे जे पोटात दुखतंय ते भुकेनं नाही. जिवंत माणसाचा हेवा वाटला तर निदान त्याच्यात खोड काढता येते. तो घोरतो, चहात बिस्किट बुडवून पाडतो. लगबगे बाईंना खोडच नव्हती. जे अवगुण होते ते सगळे गोड होते. त्यांची पाठ दुखत नसे. त्यांच्या आवाजात, बोलायच्या आधीच, हसू येऊन बसलेलं असे. ती नटी कोण होती देव जाणे. त्यांचं प्रत्येक घर अर्ध्या तासाच्या आत सावरत असे आणि शेवटी माउथ ऑर्गन वाजे. थोरलीच्या घरांत शेवटी काही वाजत नसे. काही घरांना तर शेवटच नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठून म्हणत, "काय सुचतं हो तुमच्या बहिणीला! तुम्हीही लिहीत जा की काहीतरी. वेळ असेल तेव्हा." ऑफिसात थोरलीनं बहिणीचं नाव कधी काढलं नव्हतं. तिथे नुकतीच एक मुलगी लागली होती. तिला सगळे 'नवी' म्हणत. ती दर गुरुवारी आदल्या दिवसाचा भाग अख्खा सांगायची, आवाज काढून. "मॅडम, या केसमध्ये लगबगे बाईंनी काय केलं असतं?"

"राजीनामा दिला असता," थोरली म्हणायची.

कहर झाला तो एका जुन्या ओळखीच्या घरी. फोन आला, थोरलीच्या तोंडून सवयीनं "आलेच हं" निघालं, आणि घरातली बाई टाळी वाजवून म्हणाली, "अय्या! काय हुबेहूब नक्कल करता हो! फक्त त्या 'हं' जरा लांबवतात. आलेच हंऽऽ. बघा जमतं का." त्या दिवसापासून थोरली "निघाले" म्हणू लागली. नव्या चपलेसारखा तो शब्द तिला चावायचा.

*

त्या सुमारास तिच्याकडे एका वेल्डरचं घर होतं. वर्कशॉपच्या वर दोन लहान खोल्या आणि पुढे चिंचोळा सज्जा. बायको आजारानं गेली होती. मागे एक मुलगी, दुसरीतली, जी एका जागी ठरतच नसे. बाप तिला भिंगरी म्हणे. वेल्डरची मेहुणी, म्हणजे बायकोची मोठी बहीण, दुसऱ्या गावी राहत होती. माणूस चांगलं होतं ते, आणि म्हणूनच अवघड होतं. महिनाअखेरीला येऊन ती भिंगरीला कायमचं घेऊन जाणार होती. "मुलीचं करायला बाईमाणूस लागतं," ती फोनवर म्हणे, आणि वेल्डर गप्प राही. त्यालाही तसंच वाटत होतं. थोरलीनं त्याला परोपरीनं सांगून बघितलं होतं की पोरीचं नीट चाललंय, ती तुम्हाला सोडून राहणार नाही. तो दारातच उभा राहून ऐके, मान हलवी, आणि "बघू" म्हणे. आत बसायला तो तिला कधी म्हणाला नाही.

एकदा ती न कळवता गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. वेल्डर दाराकडे पाठ करून खुर्चीवर बसला होता. समोर फरशी पुसायचा मॉप, लांब दोऱ्यांचा, भिंतीला उलटा टेकवलेला. आणि तो त्या दोऱ्यांची वेणी घालत होता. तीन पेड, तोंडात रिबन. ठिणग्यांनी खरखरीत झालेल्या त्याच्या बोटांत दोरे अडकत होते. मॉप घसरला तसा तो हळूच त्याला म्हणाला, "मान सरळ ठेव."

थोरली खोकली. तो दचकून उठला. मॉप खाली पडला.

या कामात सगळे शिकतात की माणसानं जे दाखवलं नाही ते आपण बघायचं नाही. थोरलीनं मॉपकडे बघितलं नाही. समोर बघत ती म्हणाली, "खिडकी चांगली मोठी आहे हो तुमची." मग शाळेची चौकशी केली आणि निघाली. आपण फार समजूतदारपणे वागलो असं तिला जिना उतरताना वाटलं.

*

धाकटी रविवारी जेवायला आली ती डोळ्यांखाली काळं घेऊन. बुधवारचा भाग सुचत नव्हता.

"लिहून लिहून वाळली गं माझी पोर," आई म्हणाली आणि तिच्या ताटात न विचारता वाढलं.

"ताई, काहीतरी दे ना," धाकटी म्हणाली. "चपला संपल्या, डबे संपले. माझी बाई आता नुसतीच धावतेय."

"धावू दे. हसतात की लोक."

"हे बघ, टोमणे नको मारूस."

"टोमणा नाही. तुझी बाई नुसती घराघरांत धडपडते. त्या घरांत काय असतं ते तिला कुठे माहीत आहे?"

"मग सांग की तू!"

"सांगता येत नाही. नियम आहे."

"असू दे गं," आई धाकटीला म्हणाली. "तिला नाही जमायचं. लहानपणापासून घुमी ती. तुझ्यासारखं सांगता यायला हवं ना."

थोरलीनं हातातला घास खाली ठेवला.

नियम होता, तशी नियमाची एक पळवाटही होती. ऑफिसात चहाच्या वेळी एखाद्या घराबद्दल बोलावंच लागलं आणि आजूबाजूला लोक असले, तर सगळे ते 'उलट्या घडीनं' सांगत. बापाची आई करायची, मुलाची मुलगी, वरच्या मजल्याचा खालचा. कापडाची उलटी बाजू वर घेऊन घडी घालावी तसं. कापड तेच, नक्षी ओळखू येत नाही. थोरलीनं तशी घडी घातली. एक विधवा आई आहे, ती म्हणाली. मुलगा शाळेत जातो. शाळेत टाय लागतो, तो नेहमी बापच बांधायचा. मी गेले तर ही बाई दाराच्या मुठीला टाय बांधायचा सराव करत बसलेली. आणि मुठीला सांगतेय, मान सरळ ठेव.

आईचा हात गालावर गेला. "बाई गं!" ती म्हणाली, आणि हसली, आणि मग हसता हसता तिचे डोळे भरले. "मुठीला म्हणते, मान सरळ ठेव! असं म्हणाली? मग? पुढे काय झालं?" ती थोरलीकडे पूर्ण वळून बसली होती. किती दिवसांनी!

थोरलीनं आणखी थोडं सांगितलं. गरज नव्हती तेवढं सांगितलं. धाकटीचं जेवण थांबलं होतं.

बुधवारी मायलेकी रेडिओपाशी बसल्या. थोरली आज मुद्दाम वेळेवर आली होती. तिला ती मूठ ऐकायची होती.

लगबगे बाई धावत एका घरात शिरल्या. घरात एक बाप होता.

थोरलीचा हात कपावर तसाच राहिला. बाप होता, त्याची मुलगी होती, आणि तो फरशी पुसायच्या मॉपला वेणी घालत होता. "मान सरळ ठेव," तो मॉपला म्हणाला.

धाकटीनं काय केलं होतं ते थोरलीला लगेच कळलं. तिनंही काळजीच घेतली होती. ताईनं सांगितलेल्या त्या विधवेला कोणी ओळखू नये म्हणून आईचा बाप केला, मुलाची मुलगी, आणि टायची, अर्थात, वेणी. मूठ रेडिओवर ऐकू येत नाही. मॉप बादलीवर आपटला की आवाज होतो. उलट्या घडीची पुन्हा उलटी घडी घातली की कापडाची खरी बाजू वर येते. दोघी बहिणींनी मिळून, जपून, झाकून, त्या माणसाला जसाच्या तसा सगळ्या गावापुढे बसवला होता.

आणि लगबगे बाई काय करत होत्या? त्यांनी पिशवी टाकली, खुर्ची ओढली, त्या बापाकडे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "मॉपला काय कळतंय दुखतंय ते! घ्या, माझ्यावर घाला. ओढलं की मी ओरडेन." त्या ओरडल्या. बाप घाबरला. पुन्हा घातली. तीन फोन आले, मान न हलवता तिन्ही घेतले. तशाच तिरक्या वेणीनं त्या न्यायालयात गेल्या आणि न्यायाधीश साक्ष सोडून त्यांच्या डोक्याकडेच बघत राहिले. माउथ ऑर्गन वाजला.

"काय सुरेख!" आई म्हणाली. "तू सांगितलेलं त्या टायचं पण बरं होतं, पण हे काय सुचलंय तिला!"

त्या माणसानं हे ऐकलं असेल का, ही भीती थोरलीला होतीच. पण भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती भीतीपेक्षा जुनी होती. ती बाई खुर्ची ओढून बसली. आपण खिडकी बघितली.

*

वेल्डरकडे जायचं तिनं दोनदा टाळलं. शेवटी गेली ती दार तोंडावर आपटणार हे धरून. दार उघडलं आणि तो म्हणाला, "या, या. आत या ना." खुर्ची पुसलेली होती. पहिल्यांदाच.

"तुम्ही रेडिओ ऐकता का?" त्यानं विचारलं.

"कधीतरी," थोरली म्हणाली.

"खाली वर्कशॉपमध्ये असतो लावलेला. परवा एका मालिकेत… एक बाप होता. मॉप घेऊन." तो थांबला. मग भरभर म्हणाला, "मीही तेच करायचो. तुम्ही बघितलं होतंत, मला माहीत आहे. मला वाटायचं जगात एवढा येडपट मी एकटाच. पण असतो की आणखी कोणी! उगाच का कोणी लिहील? कुठेतरी बघितल्याशिवाय 'मान सरळ ठेव' असं सुचतं का कोणाला?"

"नाही सुचत," थोरली म्हणाली.

"आणि त्या बाई! बसल्या ना चक्क त्याच्यापुढे. तुम्ही रागवू नका, पण तुम्ही म्हणालात खिडकी मोठी आहे. मी दिवसभर विचार करत होतो, खिडकीचं काय काढलं यांनी मध्येच?"

तो हे कुचकटपणे म्हणत नव्हता. तेच लागलं.

"मी ठरवत आणलंय," तो म्हणाला. "भिंगरीला ठेवून घ्यावं. त्याला जमतंय, तर मलाही जमेल. फक्त एकदा त्या माणसाशी बोलायचंय. पोरगी मोठी झाली की काय करायचं, आजारी पडली तर काय, असं सगळं विचारायचंय. तुमच्या ऑफिसच्या ओळखी असतात. शोधून द्या ना मला तो. एकदा त्याच्याशी बोललो की मेहुणीला फोन करतो."

इतके महिने जे ती सांगत होती, ते रेडिओवरच्या बाईनं मान न हलवता करून दाखवलं होतं. थोरली "बघते" म्हणाली आणि उठली. तिच्याच घरात तिला तिच्याच बहिणीनं मागे टाकलं, ते तिनं सोसलं होतं. पण हे घर तिच्या कामाचं होतं. इथे तरी ती बाई यायला नको होती.

तिथून ती तडक रेडिओ केंद्रावर गेली. धाकटी उपाहारगृहात कागदांचा ढीग घेऊन बसली होती. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला.

"अगं, पण मी तर बदललं होतं! तुला त्रास होऊ नये म्हणून बदललं!"

"मीही बदललं होतं."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"उलट्या घडीनं सांगितलंय असं सांगितलं, तर ती उलटी घडी कसली?"

धाकटीला हसू फुटलं, तिनं ते दाबलं, आणि मग डोळे पुसले. "ताई, पण त्याचं भलंच झालं ना यात? पोरगी ठेवून घेतोय तो. नको ना सांगूस त्याला. आहे म्हणावं कोणीतरी, परगावी राहतो, बोलायला तयार नाही."

"तुला काय जातंय! तुझी बाई देवी झाली."

"माझी?" धाकटी म्हणाली. "ती बाई तूच आहेस."

"मी तशी बसले नाही."

धाकटी समोरचे कागद नीट रचू लागली.

बसमध्ये थोरलीनं सगळं उलटसुलट करून बघितलं. खोटं सांगितलं तर तो त्या माणसाची वाट बघत राहील. महिना संपेल, मेहुणी येईल, आणि नसलेल्या माणसाच्या भरवशावर उभं केलेलं सगळं एका दिवसात खाली येईल. खरं सांगितलं तर तो कदाचित आजच खाली येईल. आणि एक गोष्ट तिला स्वतःपासून लपवता येईना. खरं सांगावं असं वाटण्यात नुसता खरेपणा नव्हता. त्या बाईला त्याच्या मनातून उठवावं, तिच्या खुर्चीवरून तिला ओढून काढावं, हेही त्यात होतंच.

सकाळी तिनं विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. ते चष्म्याची काच पुसू लागले. "आधी त्याला सांगा," ते म्हणाले. "मग आपलं बघू."

*

"मिळाला का?" दार उघडताच वेल्डरनं विचारलं.

"आधी मला बसू द्या," थोरली म्हणाली. ती बसली, आणि मग कुठेही न बघता त्याच्याकडेच बघत म्हणाली, "तो दुसरा माणूस नाहीये. ते तुम्हीच आहात. ती मालिका माझी बहीण लिहिते. मी तिला सांगितलं होतं."

कोपऱ्यातल्या मॉपकडे त्याची नजर गेली.

"कशाला सांगितलंत?"

"जेवताना विषय निघाला."

"हसायला?"

थोरलीला 'नाही' म्हणता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "त्या दोघींनी माझं ऐकावं म्हणून."

"आणि त्या बाई बसल्या ते?"

"ते बहिणीनं मनानं लिहिलं."

"म्हणजे तसं कोणी बसलंच नाही कुठे."

"नाही."

खालून वेल्डिंगचा चर्र आवाज आला आणि थांबला. एवढ्यात आतल्या खोलीतून भिंगरीची हाक आली. "बाबाऽ, माझा एक बूट नाहीये!"

"पलंगाखाली बघ."

"बघितलं!"

"भिंतीच्या बाजूनं बघ. काल तूच लाथ मारलीस त्याला."

जरा वेळानं, "सापडला!"

तो खिडकीत जाऊन उभा राहिला, पाठ करून. "मी त्याला विचारणार होतो, सगळं जमतं का म्हणून," तो म्हणाला. "आता कोणाला विचारू?"

"मी सांगू का?"

"तुम्ही नका सांगू."

त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथेच उभा राहून मेहुणीला लावला. थोरली उठू लागली तर त्यानं न वळता हातानं थांबवलं. "वहिनी, मी बोलतोय," तो म्हणाला. मेहुणीला तो वहिनीच म्हणे. "पोरीला मी पाठवत नाही. … नाही, कोणी सांगितलं नाही. … वेणी नाही येत नीट. रोज शाळेत जाईपर्यंत सुटते एक. … हो, वाकडी. पण बसते ती माझ्यापुढे. तेवढा वेळच ती बसते. … या ना तुम्ही, राहायला या, न्यायला नका येऊ." बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग त्यानं फोन थोरलीपुढे धरला. "ऑफिसातल्या बाईंशी बोलायचंय म्हणते."

पलीकडचा आवाज रडून जड झालेला होता. "तुम्ही जाता ना त्यांच्याकडे? खरं सांगा, जमेल का त्याला?"

"जमतंय," थोरली म्हणाली.

"मला काळजी वाटते हो. तिथे कोणी बघणारं नाही. आमच्याकडे ती रेडिओवरची मालिका लागते, त्यातल्या त्या लगबगे बाई… तशी एखादी बाई तिथे असती ना, तर मी निर्धास्त राहिले असते."

थोरलीच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्या चपला माझ्या, ते 'आलेच हं' माझं, तो डबा माझा. सगळं माझं आहे. वेल्डर तिच्याकडे बघत होता.

"पुढच्या वेळेपासून नवीन बाई यायच्या आहेत," ती म्हणाली. "त्या तशाच आहेत."

तिनं फोन परत दिला. दुसरी बाई पाठवा असं त्यानं मागितलं नव्हतं, पण मागणारच होता. त्याच्या चेहऱ्यावरून ते दिसलं, कारण तो सैल झाला. तो तिला दारापर्यंत सोडायला आला. त्यानं तिला माफ केलं नव्हतं आणि तसं दाखवलंही नाही.

"त्या नव्या बाईंना सांगा," तो म्हणाला, "सकाळी या. शाळेच्या आधी. वेणी घालायच्या वेळी आल्या तरी चालेल."

इतक्या दिवसांत त्या वेळेला त्यानं थोरलीला कधी बोलावलं नव्हतं. जिन्याच्या मध्यावर ती थांबली. ऑफिसातल्या त्या पोरीचं बोलणं, तिचं दर गुरुवारचं आवाज काढणं, तिचा तो न थकलेला चेहरा, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि हेवा दाटून आला. तशातच तिनं फोन काढून नवीला लावला.

"वेल्डरचं घर आता तुझ्याकडे," ती म्हणाली. "सकाळी जायचं. आणि गेलीस की बस. लगेच बस."

"आणि मग काय करायचं, मॅडम?"

"ते तुला तोच सांगेल," थोरली म्हणाली, आणि उरलेला जिना उतरली.